सीएनसीच्या जॉबवर कंट्रोल चार्ट कसा लावावा आणि ‘सुधारणा’ खरी आहे का, ते कसं तपासावं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्यातल्या मशीन शॉपमध्ये ग्राहकाचं ऑडिट जवळ आलं की भिंतीवर कंट्रोल चार्ट लागतात. त्यातल्या पुष्कळ चार्टवर वरची आणि खालची रेघ सरळ ड्रॉइंगमधून उचललेली असते. असा चार्ट जॉब पास की रिजेक्ट एवढंच सांगतो, आणि तेवढं तर गेजही सांगतं. कंट्रोल चार्टच्या रेघा मशीनच्या स्वतःच्या आकड्यांतून काढायच्या असतात. वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत हा चार्ट मांडला तो एकाच प्रश्नासाठी: काम आज नेहमीसारखं चाललंय का?

दुसरा प्रश्न वेगळा. नवीन इन्सर्ट (टूलची कापणारी, बदलता येणारी टिप) घेतला, कूलंट बदललं, फीड वाढवला. त्याने खरंच फरक पडला की योगायोग? त्याचं उत्तर गृहीतक चाचणीतून मिळतं. दोन्ही एकाच जॉबवर करून पाहू. जॉब म्हणजे २५ मिमी व्यासाची पिन, फिट h७ (लहान एच, म्हणजे शाफ्टचा), म्हणजे २४.९७९ ते २५.००० मिमी. टॉलरन्स २१ मायक्रॉन.

आधी माप पक्कं करा

गेजची बारकाई टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकी तरी हवी. २१ मायक्रॉनसाठी ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर चालणार नाही, १ मायक्रॉन दाखवणारा घ्या. मग दहा पिनांवर खुणा करून त्याच पिना दोन ऑपरेटरांकडून दोन-दोनदा मापून घ्या, एकाला दुसऱ्याचे आकडे दिसू न देता. त्याच पिनेवर तीन-चार मायक्रॉनचा फरक येत असेल तर चार्ट लावण्यात अर्थ नाही. पुढचे सगळे बिंदू मायक्रोमीटरचा मूड दाखवतील.

तापमानही बघा. स्टील दर अंशाला दर मीटरला साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. मशीनमधून नुकतीच निघालेली पिन सेटिंग मास्टरपेक्षा (गेज जुळवायच्या ठरलेल्या मापाच्या तुकड्यापेक्षा) १० अंशांनी गरम असेल तर २५ मिमीवर जवळजवळ ३ मायक्रॉन जास्त दिसते. पुढे दिसेल की हे ३ मायक्रॉन चार्टची अर्धी रुंदी खाऊन टाकतात. म्हणून पिना पुसून मास्टरशेजारी सरफेस प्लेटवर ठेवा, दोन्ही एका तापमानाला आल्यावरच मापा.

आकडे गोळा करणं

दर तासाला लागोपाठ निघालेले ५ जॉब घ्या. हा झाला एक सबग्रुप. असे २५ सबग्रुप, म्हणजे १२५ जॉब. ‘लागोपाठ’ या शब्दावरच सगळं उभं आहे. तासाभरातले कुठलेही पाच उचलले, किंवा दोन मशीनचे जॉब एका पेटीत मिसळून पाच काढले, तर सबग्रुपच्या आतली रेंज फुगते, रेघा लांब जातात आणि चार्ट आंधळा होतो. दोन मशीन असतील तर दोन चार्ट.

या काळात ऑपरेटरने जे जे केलं ते चार्टच्या खालच्या ओळीत लिहिलं पाहिजे: इन्सर्ट फिरवला, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) दिला, बारचा नवीन लॉट लावला, वीज गेली आणि स्पिंडल थंड झाला. हा मजकूर नसला की नंतर बाहेर गेलेल्या बिंदूकडे बघून डोकं खाजवत बसावं लागतं.

रेघा काढणं

आकडे सोपे राहावेत म्हणून २४.९८० च्या वर किती मायक्रॉन, तेवढंच लिहा. प्रत्येक सबग्रुपची सरासरी आणि रेंज, म्हणजे सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा, काढा. समजा २५ सरासऱ्यांची सरासरी १०.४ आली आणि रेंजची सरासरी ६.०. पाचच्या सबग्रुपसाठी गुणांक ठरलेले आहेत: सरासरीसाठी ०.५७७, रेंजच्या वरच्या रेघेसाठी २.११४, रेंजची खालची रेघ शून्य.

सरासरीच्या रेघा: १०.४ ± ०.५७७ × ६.० = ६.९४ आणि १३.८६
रेंजची वरची रेघ: २.११४ × ६.० = १२.६८

आधी रेंजचा चार्ट तपासा. रेंज ताब्यात नसेल तर सरासरीच्या रेघाच खोट्या, कारण त्या रेंजवरून निघतात. एखादा बिंदू बाहेर असेल तर कारण शोधा. कारण सापडलं तरच तो सबग्रुप काढून पुन्हा हिशेब करा. कारण नसताना नुसता चार्ट सुंदर दिसावा म्हणून बिंदू उडवू नका.

आता ड्रॉइंग बघायला हरकत नाही. सिग्मा, म्हणजे जॉबांच्या मापातलं प्रमाण विचलन (नेहमीचा पसारा), = ६.० ÷ २.३२६ = २.५८; २.३२६ हाही पाचच्या सबग्रुपचा ठरलेला गुणांक. ड्रॉइंगच्या हद्दी आपल्या मापात −१ आणि २०. वरून उरलेली जागा ९.६, ती तीन सिग्माने म्हणजे ७.७४ ने भागली की सीपीके १.२४. (सीपीके म्हणजे जवळच्या हद्दीपर्यंतची जागा तीन सिग्माच्या किती पट.) ग्राहक बहुधा १.३३ मागतो. मशीन त्याला पुरेसं आहे, फक्त सरासरी थोडी वर बसली आहे: व्यास १ मायक्रॉनने खाली आणणारा ऑफसेट दिला तर सरासरी ९.४ वर येते आणि सीपीके १.३४. नवी मशीन घेण्याची चर्चा यानंतर.

सरासरी अशी मुद्दाम हलवली की मधली रेघ नव्या जागी आणून रेघा गोठवा. रोज नव्याने काढू नका, नाहीतर रेघा मशीनच्या मागे मागे सरकतात.

रोज वाचणं, आणि हात आवरणं

एक बिंदू रेघेबाहेर, किंवा सलग आठ बिंदू मधल्या रेघेच्या एकाच बाजूला: सुरुवातीला एवढे दोनच नियम पुरे. सगळं ठीक असतानाही ३७० बिंदूंत सरासरी एक बिंदू उगाचच बाहेर जातो. दोन शिफ्ट मिळून दिवसाला १६ बिंदू धरले तर नुसत्या रेघेच्या नियमाने २३ दिवसांतून एक खोटा इशारा. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पुस्तकातले चारही नियम एकदम लावलेत तर तो साधारण ९२ बिंदूंना एक होतो, म्हणजे सहा दिवसही नाहीत. मग लाइनवर कुणी चार्टकडे बघत नाही.

उलट बाजूही माहीत असावी. सरासरी एक सिग्मा सरकली तर नुसता रेघेचा नियम ते पकडायला सरासरी साडेचार सबग्रुप घेतो. तासाला एक सबग्रुप असेल तर तेवढे तास माल तसाच जातो. हे परवडत नसेल तर अर्ध्या तासाला मापा.

बाह्य व्यास टर्न करताना इन्सर्ट झिजला की व्यास वाढत जातो, म्हणून हळूहळू चढणारी रांग दिसली तर पहिला संशय इन्सर्टवर घ्या. अचानक उडी दिसली तर ऑफसेट, चक किंवा नवा लॉट. रेंज वाढली तर पकड सैल किंवा बेअरिंग. हे एका कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून मशीनला चिकटवा. आपल्या शॉपमध्ये शिफ्ट बदलली की बोलणंही बदलतं, आणि तो कागद रात्रपाळीला वाचता आला पाहिजे.

सर्वांत महागात पडतं ते प्रत्येक जॉब मापून ऑफसेट देणं. ३ मायक्रॉन वर आलं, ३ खाली दिले. मग ३ खाली आलं, ३ वर दिले. ताब्यात असलेल्या मशीनवर असं केलं की सिग्मा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. चांगला सेटरही हे करतो, कारण हात रिकामा ठेवणं त्याला कामचुकारपणा वाटतो.

फाउंड्रीत व्यासाऐवजी रिजेक्शन मोजतात. रोज २०० कास्टिंग, सरासरी रिजेक्शन ४ टक्के असेल तर वरची रेघ ८.१६ टक्के, म्हणजे १७ वा नग बाद झाला की इशारा. काल ५ आणि आज १२ झाले म्हणून मोल्डरवर ओरडण्यासारखं त्या आकड्यात काही नाही. पावसाळ्यात ब्लोहोल (कास्टिंगमधली वायूची भोकं) वाढून बिंदू वरच्या बाजूला सलग बसू लागले तर मात्र वाळूतला ओलावा आधी तपासा.

बदल खरा की भास

नव्या, महाग इन्सर्टने एका कडेवर जास्त पिना निघतात असा विक्रेत्याचा दावा आहे. आकडे बघण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा: गृहीतक ‘दोन्ही सारखेच’, चुकीचा धोका ५ टक्के, आणि किती पिनांचा फरक पडला तर किंमत वसूल होते. कडा आलटून-पालटून वापरा, बार एकाच हीटचा (पोलादाच्या एकाच वितळणीचा). आधी सगळे जुने आणि मग सगळे नवे चालवले तर बारच्या लॉटचा फरक इन्सर्टच्या नावावर जमा होतो.

समजा १०-१० कडा झाल्या. जुन्याची सरासरी १८२ पिना, प्रमाण विचलन १४. नव्याची १९६, विचलन १६. एकत्रित विचलन १५.०३, सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी ६.७२, आणि टी, म्हणजे फरक त्या त्रुटीच्या किती पट, = १४ ÷ ६.७२ = २.०८. १८ स्वातंत्र्यकोटींना (१० + १० − २) तक्त्याप्रमाणे हवा होता २.१०१. थोडक्यात हुकलं.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे ‘फरक नाही’ असं लिहून फाइल बंद करणं. खऱ्या फरकाची ९५ टक्के पट्टी −०.१ ते २८.१ आहे, त्यात ‘काहीच नाही’ही बसतं आणि २५ पिनांचा घसघशीत फायदाही. चाचणीने एवढंच सांगितलं की दहा कडांत उत्तर निघत नाही. दुसरी चूक म्हणजे आणखी दोन कडा, आणखी दोन, असं टी २.१ ओलांडेपर्यंत चालवत राहणं. रोज डोकावलं की ५ टक्क्यांचा धोका ५ टक्के राहत नाही.

योग्य मार्ग असा: किती कडा लागतील याचं ढोबळ सूत्र १६ × (विचलन ÷ फरक)², इथे १६ × (१५ ÷ १४)² = १८.४, म्हणजे प्रत्येकी १९-२० कडा. १४ पिनांचा फरक खरा असेल तर इतक्यांत तो सापडण्याची शक्यता साधारण ८० टक्के. नव्याने २०-२० कडा चालवा आणि निकाल शेवटी एकदाच काढा. एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमध्ये टी-टेस्ट तयार आहे. दोन्ही विचलनं सारखी न मानणारा पर्याय निवडा, त्याने नुकसान होत नाही.

आणि तुलना सुरू करण्याआधी दोन्ही इन्सर्टचे बिंदू चार्टवर ताब्यात आहेत ना, ते बघा. बेताल मशीनवरच्या आकड्यांची सरासरी कुणाचीच नसते. नवा इन्सर्ट पसंत पडला तर जुन्या रेघा पुसून २५ सबग्रुप पुन्हा घ्या.