मधमाश्यांच्या साहाय्याने धातू-प्रदूषण मोजताना या चुका टाळा

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली आणि छतावरच्या शिशाचा काही अंश धुरासोबत शहरावर पसरला. त्या जुलैमध्ये, धूर ज्या दिशेला गेला त्या भागातील पोळ्यांच्या मधात किलोमागे सरासरी ०.०२३ मिलिग्रॅम शिसे आढळले. आगीपूर्वीच्या पॅरिसच्या मधात ते ०.००९ होते. युरोपीय संघाची मधासाठीची मर्यादा ०.१० मिलिग्रॅम आहे. केवळ या मर्यादेशी तुलना करून ‘हवा स्वच्छ आहे’ असे ठरवणे, ही पहिली चूक होय. मध खाण्यास सुरक्षित असणे वेगळे आणि परिसर निर्मळ असणे वेगळे. म्हणून त्याच ठिकाणचा आधीचा मध जपून ठेवलेला असावा.

फरक इतका सूक्ष्म असल्याने सर्वाधिक घोटाळा नमुना घेतानाच होतो, प्रयोगशाळेत नव्हे. जस्ताचा आकडा अचानक वाढलेला दिसला, तर कारखान्याकडे बोट दाखवण्यापूर्वी मधयंत्र, डबे आणि चौकटींच्या तारा तपासाव्यात, कारण जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून आम्लधर्मी मधात जस्त सहज उतरते. पोळ्याचा तुकडा प्लास्टिकच्या सुरीने कापून आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा, आणि तशीच एक रिकामी बाटलीही तपासणीस पाठवावी, म्हणजे बाटलीतूनच धातू आला का ते कळते.

माश्याच तपासायच्या असतील, तर पेटीच्या आतल्या तरुण दाई-माश्या घेऊ नयेत. बाहेरची धूळ अंगावर आणणाऱ्या, दारातून परतणाऱ्या वयस्क कामकरी माश्या घ्याव्यात. नमुने धुवावेत की नाही हे आधीच ठरवावे, कारण धुतल्याने हीच धूळ निघून जाते. काही धुतलेले आणि काही न धुतलेले नमुने एकत्र मोजले, तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

साखरेचा पाक दिलेली किंवा फुलोऱ्यामागे हलवलेली पेटी या कामाची नाही. आपल्याकडची आग्या माशी हंगामानुसार स्थलांतर करते. तिच्या पोळ्यापेक्षा एका जागी ठेवलेली सातेरीची (पेटीत पाळता येणाऱ्या देशी माशीची) पेटी अधिक विश्वासार्ह ठरते.

शेवटी, शिशाचे नुसते प्रमाण त्याचा उगम सांगत नाही. त्यासाठी समस्थानिकांचे, म्हणजे शिशाच्याच वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, गुणोत्तर मोजावे लागते. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या मध्यवस्तीतील मधातले शिसे तेथील नैसर्गिक खडकांतल्या शिशाशी जुळत नाही, हे अशाच मोजणीतून कळले.