गाडीचा दिवा लागलाय? या चुका टाळा

डॅशबोर्डवर इशाऱ्याचा लाल दिवा लागल्यावर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' म्हणणारे बघितले की माझा जीव तुटतो. लाल म्हणजे गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं.

माझ्या आतेभावाच्या गाडीची वॉरंटी नुकतीच संपली होती. साताऱ्याला निघाला आणि खंबाटकीच्या चढाला तापमानाचा दिवा लागला. घाट संपल्यावर बघू म्हणत तो गाडी ओढत राहिला. मग काटा खाली आला, त्याला वाटलं इंजिन गार झालं. प्रत्यक्षात रेडिएटरच्या रबरी पाइपची क्लिप सैल होऊन कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, वाहून गेलं होतं. सेन्सरला पाणीच लागत नव्हतं, म्हणून काटा उतरला. इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गॅस्केट गेलं. क्लिप किरकोळ पैशांची, बिल पन्नास हजारांच्या वर. दिवा लागल्याबरोबर घाटातच थांबून इंजिन बंद केलं असतं तर गाडी वाचली असती. आणि थांबल्यावर घाईनं रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

तेलाच्या बुधलीचा लाल दिवा, म्हणजे इंजिन ऑइलचा दाब पडल्याचा, लागला तर एक किलोमीटरसुद्धा नको.

दुसरी चीड आणणारी सवय म्हणजे पिवळा 'चेक इंजिन' घालवायला बॅटरीचं टर्मिनल काढणं. दिवा जातो, दोष तसाच राहतो, वर गाडीच्या कॉम्प्युटरनं साठवलेला दोषाचा कोडही पुसला जातो. मग मेकॅनिकनं शोधायचं कशाच्या आधारावर? मी हा कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर गाडीतच ठेवतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, कोडचा फोटो काढायचा, मगच गॅरेज. पण कोड दिसला की लगेच पार्ट मागवणारे उतावळे नवशिके फसतात. पी०१७१ हा कोड म्हणजे मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. कारण फाटका व्हॅक्यूम पाइपही असू शकतो, आणि लोक ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात.

हाच 'चेक इंजिन' दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलपेक्षा कितीतरी महाग. तिथं गाडी चालवूच नका, टो करा.

बीएस-६ डिझेल घेऊन रोज फक्त पुण्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगत असाल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, भरणारच. ती काजळी जळून जावी म्हणून अधूनमधून हायवेवर सलग पळवा.

बिलाचं म्हणाल तर आधी लेखी एस्टिमेट घ्या, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत पार्टचा भाव विचारा आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. 'पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल' असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या गॅरेजला दाखवल्याशिवाय मी होकार देत नाही.