वटवाघळाचे प्रतीकात्मक पालकत्व कसे घ्यावे

गेल्या संक्रांतीला आमच्या सहकारनगरातील गल्लीत नायलॉनच्या मांज्यात पंख गुरफटलेले एक मोठे फळभक्षी वटवाघूळ तारेला लोंबकळताना आढळले. वनविभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर फोन केल्यानंतर काही वेळाने त्याची सुटका झाली आणि त्याला उपचारांसाठी नेण्यात आले. माझ्या भाचीने तेव्हा विचारले, "मामा, याला आपण दत्तक घेऊ शकतो का?" वन्यप्राणी घरी ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे तिला सांगितले; परंतु दत्तक घेण्याचा आणखी एक अर्थ असतो आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे, हेही सांगितले. हा दुसरा अर्थ नीट समजून घेऊन पैसे योग्य ठिकाणी कसे पोहोचवावेत, हे पुढे लिहीत आहे.

प्रतीकात्मक दत्तक योजनेत प्राणी जिथे आहे तिथेच राहतो. आपण एक ठरावीक रक्कम देतो आणि त्या बदल्यात संस्था आपल्या नावाचे प्रमाणपत्र, प्राण्याचे छायाचित्र, त्याच्या जातीची माहिती आणि काही वेळा कापडी खेळणे पाठवते. बहुतेक योजनांमध्ये ही रक्कम एखाद्या विशिष्ट वटवाघळावर खर्च न होता संस्थेच्या सामायिक निधीत जमा होते. यात फसवणूक नाही, मात्र हे देणाऱ्याला आधी ठाऊक असले पाहिजे आणि संस्थेनेही ते स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. असा खुलासा जिथे दिसत नाही, तिथे मी पैसे देत नाही.

म्हणून छायाचित्रातील चेहरा पाहून निवड करू नये, काम पाहून करावी. अशा योजना चालवणाऱ्या संस्थांची कामे एकमेकींपासून बरीच वेगळी आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील बॅट वर्ल्ड सँक्चुअरी ही संस्था ज्यांना पुन्हा निसर्गात सोडता येत नाही अशा वटवाघळांना आजन्म आसरा देते. म्हणजे तेथे आपला पैसा आहार, औषधे आणि देखभाल यांवर खर्च होतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील टोल्गा बॅट हॉस्पिटल गोचिडांच्या विषाने लुळ्या पडलेल्या चष्मेवाल्या फळभक्षी वटवाघळांवर उपचार करते आणि आया मेल्यामुळे पोरकी झालेली पिल्ले वाढवते. या जातीवर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये केर्न्स परिसरातील उष्णतेच्या लाटेने मोठे संकट आणले आणि अवघ्या काही दिवसांत सुमारे २३,००० वटवाघळे मेली. बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल ही १९८२ साली स्थापन झालेली संस्था मात्र प्रामुख्याने अधिवास वाचवते, आणि जगातील सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक जिथे आहे ती टेक्सासमधील ब्रॅकन गुहा तिच्याच ताब्यात आहे. एका जखमी जिवाला जगवणे आणि लाखोंची गुहा राखणे या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. तरीही जातीच्या भवितव्याचा विचार केला, तर अधिवासावर खर्च होणारा रुपया अधिक उपयोगी ठरतो, असे माझे मत आहे. मोठी फळभक्षी वटवाघळे साधारणपणे वर्षाला एकच पिल्लू देतात. त्यामुळे एकदा वसाहत उद्ध्वस्त झाली की ती भरून येण्यास फार काळ लागतो.

पुण्यातून परदेशी संस्थेला पैसे देताना काही व्यावहारिक बाबी आधी पाहाव्यात. आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात, आणि व्यवहार पूर्ण होताच पुन्हा बंद करावेत. चलन बदलाचे शुल्क वेगळे लागते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतात प्राप्तिकरातील ‘८० जी’ या नावाने ओळखली जाणारी वजावट मिळत नाही. खेळण्याचा संच मागवू नये, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. पहिल्या वेळी मी भाचीसाठी एका परदेशी संस्थेचा संच मागवला, तेव्हा टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून मूळ देणगीच्या निम्म्याहून अधिक रक्कम गेली. ती वटवाघळांच्या उपयोगाला आली असती. ई-मेलने येणारे प्रमाणपत्र घ्यावे आणि ते येथेच जाड कागदावर छापून घ्यावे.

देशातच मदत करावयाची असल्यास एक फरक लक्षात ठेवावा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणच्या दत्तक योजना बंदिस्त प्राण्यांच्या खर्चासाठी असतात; रानातील किंवा शहरातील वटवाघळांपर्यंत तो पैसा पोहोचत नाही. आपल्याकडे वटवाघळांसाठी पैसा उभा राहिला नाही, यामागे जुनी उपेक्षा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळभक्षी वटवाघळांना उंदीर आणि कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळली जाईपर्यंत हा शिक्का कायम होता. मोहाच्या आणि वड-पिंपळाच्या बिया दूरवर पसरवणाऱ्या, गोरखचिंचेच्या फुलांचे परागण करणाऱ्या प्राण्याला आपण असे वागवले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून मी आता वेगळा मार्ग सुचवतो. ज्या स्थानिक नोंदणीकृत संस्था वन्यजीवांवर उपचार करतात, उदाहरणार्थ पुण्याची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, त्यांना साधी देणगी द्यावी आणि प्रमाणपत्र घरीच तयार करावे. देणगीपूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत: मागील वर्षी किती वटवाघळे आली व त्यांपैकी किती सोडता आली, आणि रक्कम वटवाघळांच्याच उपचारांसाठी राखून ठेवता येईल का. ८० जी नोंदणीचा क्रमांक आणि पावती मागावी. २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. आमच्या भाचीने स्वतः चित्र काढून, ‘पंख जुळले की सोडायचे’ असे खाली लिहून, प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे.

वटवाघळाला हातात धरून छायाचित्र काढण्याची सोय देणारी योजना मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावी. वारंवार हाताळल्याने प्राण्यावर ताण येतो आणि चावा घेतल्यास माणसाला रेबीजचा धोका असतो. जाणकार संस्था लस घेतलेल्या, हातमोजे घातलेल्या प्रशिक्षित माणसांशिवाय कोणालाही हात लावू देत नाही.

बहुतेक पालकत्वे एका वर्षाची असतात आणि परदेशी संकेतस्थळांवर दरवर्षी आपोआप पैसे कापले जाण्याचा पर्याय काही वेळा आधीच निवडलेला असतो. पैसे देतानाच ती खूण काढून टाकावी, मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख दिनदर्शिकेत नोंदवावी आणि त्या दिवशी संस्थेचा वार्षिक अहवाल वाचून पालकत्व पुढे चालू ठेवायचे की दुसऱ्या कामाला हातभार लावायचा, हे ठरवावे.