फोनवर व्हिडिओ बघताना जाहिराती कशा टाळायच्या (आणि सगळे नेमके कुठे फसतात)

माझी आई पहाटे साडेपाचला युट्यूबवर हरिपाठ लावते. फोन देव्हाऱ्याशेजारी कुंकवाच्या डब्याला टेकवलेला, ती डोळे मिटून हात जोडून बसलेली, आणि अभंगाच्या ऐन मधोमध कुठल्यातरी लोन ॲपची बाई किंचाळायला लागते. तिकडे निफाडला माझा भाऊ द्राक्षबागेत उभा राहून डावणी रोगावर काय मारायचं याचा व्हिडिओ बघतो, हाताला औषध लागलेलं असतं म्हणून मनगटाने स्किप दाबायला जातो आणि स्किप व्हायच्या ऐवजी जाहिरातच उघडते. या दोघांच्या फोनपासून मी सुरुवात केली, मग सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमधले, मग नातेवाइकांचे, असे आजवर वीस-पंचवीस फोन तरी बिनजाहिरातीचे करून दिलेत. त्यामुळे या विषयावर लोक एकमेकांना जे सल्ले देतात ते ऐकून आता खरंच चीड येते, कारण त्यातले काही नुसते निरुपयोगी आहेत आणि काही पैसे घालवणारे आहेत.

आधी निरुपयोगी सल्ल्यांचं बघू. व्हिडिओ शेवटपर्यंत ओढा आणि रिप्ले करा, लिंकमध्ये कॉमच्या पुढे एक टिंब टाका, हे सगळं जुनं झालं. टिंबवाली युक्ती 2020 साली फिरली होती, तीही लवकरच बंद पडली. यात वेळ घालवू नका.

दुसरा सल्ला म्हणजे प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सोय. हा अर्धा खरा आहे म्हणून जास्त फसवतो. अँड्रॉइड 9 पासून पुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथे ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की गेममधल्या आणि बातम्यांच्या साइटवरच्या जाहिराती बऱ्याच जातात, ते मी स्वतः वापरलंय. पण युट्यूबच्या जात नाहीत. कारण डीएनएस फक्त पत्ता बघून अडवतं, आणि युट्यूबची जाहिरात नि व्हिडिओ एकाच पत्त्यावरून येतात. पेपरात घालून आलेलं सेलचं पत्रक असतं ना, तसं आहे हे, पेपरवाल्याला गेटवरच अडवलं तर पत्रक येणार नाही पण पेपरही येणार नाही. शिवाय ते चालू ठेवून नाशिकरोड स्टेशनवर पंचवटीची वाट बघत फुकटचं वायफाय जोडायला गेलात तर लॉगिनचं पान उघडतच नाही, तेवढ्यापुरतं बंद करावं लागतं. गेमसाठी ठेवा हवं तर, व्हिडिओसाठी त्याच्या मागे लागू नका.

आणि तिसरा सल्ला, ज्याच्यावर मी घरात सरळ बंदी घातली आहे, तो म्हणजे कुणीतरी व्हॉट्सॲपवर नाहीतर टेलिग्रामवर पाठवलेली 'बिनजाहिरातीच्या युट्यूबची' एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल. पूर्वी व्हॅन्स्ड नावाचं असं ॲप खूप चालायचं, ते बनवणाऱ्यांनी स्वतःच मार्च 2022 मध्ये बंद केलं, कायदेशीर अडचण आल्यावर. पण त्याच नावाने आजही नकली फाइली फिरतात. माझ्या दिरांनी एक टाकली होती. उघडल्या उघडल्या तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली, मग ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीनवरचं वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची) मागितली, आणि त्यांनी दोन्ही देऊन टाकल्या कारण 'सगळीच ॲप मागतात'. अहो, व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपला तुमचे ओटीपी कशाला हवेत? रात्री त्यांच्या फोनवर न मागितलेले ओटीपी यायला लागले तेव्हा मला फोन आला. आधी नेट बंद करायला लावलं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवलं, मग तो फोन पूर्ण रिसेट केला. पैसे वाचले, पण फोटो गेले. लग्नपत्रिकेच्या आणि आरटीओ चलनाच्या नावाने ज्या फाइली येतात ना, तोच हा प्रकार. प्ले स्टोअरच्या बाहेरची, कुणीतरी फॉरवर्ड केलेली फाइल टाकायची नाही म्हणजे नाही.

आता चालतं काय ते सांगते. युट्यूबचं ॲप सोडायचं आणि ब्राउझरमध्ये बघायचं. ॲपच्या आत तुम्ही काही करू शकत नाही, ब्राउझरमध्ये करू शकता, एवढी साधी गोष्ट आहे.

प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स नावाचा ब्राउझर घ्या. तीन टिंबांच्या मेनूत एक्स्टेंशन्समध्ये (ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी) जाऊन यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकर टाका. 'ओरिजिन' हा शब्द नावात असलाच पाहिजे, मिळत्याजुळत्या नावाची दुसरी पण आहेत. एकच ॲड ब्लॉकर टाका, दोन टाकले की जास्त जाहिराती जातील असं काही नसतं, उलट ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. मग युट्यूबची साइट उघडा, एक व्हिडिओ लावून बघा, आणि मेनूतून होम स्क्रीनवर शॉर्टकट ठेवा. झालं, पाच मिनिटांचं काम.

आणि इथेच बहुतेक लेख संपतात. खरा त्रास इथून पुढे आहे, माझे स्वतःचे दोन रविवार यात गेलेत.

मी आईचा फोन असाच करून दिला, समोर हरिपाठ लावून दाखवला, एकही जाहिरात नाही, आई खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन, 'अगं ती बाई परत आली.' मला वाटलं यूब्लॉक बिघडलं. फोनवरून सांगून तिच्याकडून ते काढून परत टाकून घेतलं. परत तेच. पुढच्या रविवारी गेले आणि काही न बोलता नुसती तिच्या शेजारी बसून बघत राहिले ती काय करते ते. ती माझ्या शॉर्टकटला हातच लावत नव्हती! तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी लिंक येते, ती लिंकवर बोट ठेवायची आणि लिंक सरळ युट्यूबच्या ॲपमध्ये उघडायची. यूब्लॉक बिचारं फायरफॉक्समध्ये बसलेलं, त्याला कळणार कसं.

म्हणजे अडचण जाहिरात थांबवण्यात नाहीच, लिंकने ॲपमध्ये मारलेली उडी थांबवण्यात आहे. आणि ती उडी एका ठिकाणी अडवून थांबत नाही, तीन ठिकाणी अडवावी लागते. मी आधी फायरफॉक्सला डिफॉल्ट ब्राउझर केलं, फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स, तिथे ब्राउझर. वाटलं झालं. नाही झालं. कारण युट्यूबची लिंक दिसली की फोन ब्राउझरला विचारतच नाही, 'या साइटचं ॲप फोनमध्ये आहे' म्हणून परस्पर ॲपकडे देतो. हे बंद करायला सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात युट्यूब, त्यात 'ओपन बाय डिफॉल्ट', आणि तिथे सपोर्टेड लिंक्स उघडायचं बटण बंद करायचं. सॅमसंगमध्ये याचं नाव 'सेट ॲज डिफॉल्ट' असं असतं, इतर कंपन्यांत अजून वेगळं, पण युट्यूबच्या ॲप इन्फोच्या पानावरच सापडतं, घाई न करता खालपर्यंत बघा.

एवढं केल्यावर लिंक फायरफॉक्समध्ये उघडली, आणि लगेच फायरफॉक्सने विचारलं, ॲपमध्ये उघडू का? आता आईला फोनने काहीही विचारलं की ती 'हो'च दाबते, तिला वाटतं नाही म्हटलं तर काहीतरी बिघडेल. म्हणून तिसरी जागा, फायरफॉक्सच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'ओपन लिंक्स इन ॲप्स', तिथे 'नेव्हर' करायचं. ही तिन्ही झाली तरच काम झालं, दोन करून सोडलंत तर आठवड्याने तुम्हालाही सहा वाजता फोन येणार.

माझं आता स्पष्ट मत झालंय की घरातल्या मोठ्या माणसांचा फोन असेल तर हे तिन्ही कराच, पण त्याशिवाय युट्यूबचं ॲप सरळ डिसेबलही करून टाका. ॲपवर बोट दाबून धरा, ॲप इन्फो, डिसेबल. बहुतेक अँड्रॉइडमध्ये ते अनइन्स्टॉल होत नाही पण डिसेबल होतं, आणि कधीही परत चालू करता येतं. नाहीतर साइटवर वरती 'ॲप उघडा' अशी पट्टी येते, एक दिवस त्यावर बोट पडतंच. मग त्याच जागी शॉर्टकट ठेवा. शॉर्टकटवर तेच लाल चिन्ह येतं, आईला आजही वाटतं की ते जुनंच आहे.

फेसबुक किंवा टेलिग्रामवरून आलेली लिंक त्यांच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे यूब्लॉक नसतं. वरच्या तीन टिंबांतून 'ब्राउझरमध्ये उघडा' करा.

करून झालं की स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून त्या फोनवर एक लिंक पाठवा आणि फोन त्या माणसाच्या हातात देऊन त्यालाच उघडायला सांगा. स्वतः उघडून बघू नका, आपण आपल्या पद्धतीने उघडतो आणि मग चूक दिसत नाही.

आयफोनवाल्यांनो, तुमच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, तुम्ही सफारी वापरा, ॲप स्टोअरवरून यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या, सफारीच्या एक्स्टेंशनमध्ये चालू करा आणि युट्यूबचं ॲप डिलीट करा. ॲपच नसलं की लिंक मुकाट्याने सफारीत उघडते.

या पद्धतीचे तोटेही सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो. त्यासाठी फायरफॉक्समध्ये व्हिडिओ बॅकग्राउंड प्ले फिक्स नावाचं एक्स्टेंशन आहे, चालतं, पण मध्येच कधी चालेनासं होतं. टीव्हीवर टाकायचं बटण मिळत नाही. आणि ॲड ब्लॉकर युट्यूबच्या अटींत बसत नाही, 2023 पासून ते पाटी दाखवून व्हिडिओ अडवायला लागलेत. अशी पाटी आली तर यूब्लॉकचं डॅशबोर्ड उघडा, फिल्टर लिस्टमध्ये जुना कॅश (साठवून ठेवलेल्या जुन्या याद्या) पुसा आणि अपडेट करा, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत सुरळीत होतं. दरवेळी हे करायचा कंटाळा असेल तर पैसे भरा, त्यात काही कमीपणा नाही.

पैसे भरायचे तर कसे, तेही नीट बघून भरा. युट्यूब प्रीमियम, म्हणजे त्यांची बिनजाहिरातीची वर्गणी, ऑगस्ट 2024 पासून एकट्याला महिना 149, विद्यार्थ्याला 89 आणि फॅमिलीला 299 झालं. फॅमिलीत तुमच्यासकट सहा जण बसतात, पण एकाच घरात राहणारे आणि 13 वर्षांवरचे हवेत. सहा जण भरले तर माणशी पन्नास रुपये पडतात, आणि घरात रोज दोन-तीन तास बघणारे असतील तर मी हेच सांगते. 89 चं प्रीमियम लाइट निघालंय सप्टेंबर 2025 मध्ये, ते बघून हुरळून जाऊ नका, त्यात गाण्यांवर आणि शॉर्ट्सवर जाहिराती राहतात, म्हणजे आमच्या आईसारख्या भजनं ऐकणाऱ्यांना ते बिनकामाचं आहे असं समजा. आयफोनच्या ॲपमधून घेतलं तर जास्त पैसे लागतात, ब्राउझरमधून घ्या. आणि प्रीमियम घेऊनही व्हिडिओ करणारा मध्येच स्वतःच्या तोंडाने जी जाहिरात करतो ती जात नाही, ती आपोआप ओलांडून पुढे जायला फायरफॉक्समध्ये स्पॉन्सरब्लॉक नावाचं एक्स्टेंशन आहे.

ओटीटीचं मात्र सांगून ठेवते, तिथे पैसे भरले म्हणजे जाहिरात गेली असं नाही. प्राइम व्हिडिओने 17 जून 2025 पासून भारतात वर्गणी भरणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली, त्या काढायला महिना 129 किंवा वर्षाला 699 वेगळे. रिचार्जबरोबर फुकट मिळणारे प्लॅन बहुतेक जाहिरातवालेच असतात. भरण्याआधी प्लॅनमध्ये 'ॲड फ्री' लिहिलंय का तेवढं वाचा.

एक गोष्ट मला मनापासून वाटते. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातला 55 टक्के वाटा तो बनवणाऱ्याला मिळतो. छाटणीपासून थिनिंगपर्यंत (म्हणजे मण्यांची विरळणी) स्वतःच्या बागेत उभं राहून दाखवणारी आपल्याकडची छोटी मराठी चॅनेल आहेत, त्यांना आपण ब्लॉकर लावून बघितलं तर त्या व्हिडिओचं काहीच मिळत नाही. म्हणून भावाच्या फोनवर मी त्याला यूब्लॉकचं मोठं पॉवरचं बटण दाखवून ठेवलंय. बागेत असताना ते चालू ठेवतो, आणि रात्री जेवून ओट्यावर बसला, हात धुतलेले असले, की त्याच्या ठरलेल्या दोन चॅनेलसाठी ते बंद करतो आणि जाहिरातीसकट बघतो.

एवढं सगळं जमणार नसेल आणि फक्त घाणेरड्या किंवा जुगाराच्या जाहिरातींचा त्रास असेल तर गूगल अकाउंटमध्ये 'माय ॲड सेंटर' आहे. त्यात संवेदनशील विषयांत जुगार, दारू, डेटिंग, वजन कमी करणं, हे सगळं कमी करता येतं. जाहिराती थांबत नाहीत, पण पोरं शेजारी बसलेली असताना मान खाली घालायची वेळ कमी येते. दोन मिनिटं लागतात, आणि ज्या अकाउंटने व्हिडिओ बघता त्याच अकाउंटमध्ये करा, आमच्याकडे पहिल्यांदा सासऱ्यांच्या फोनवर दुसऱ्याच अकाउंटमध्ये केलं होतं.