सौर प्लाझ्मा भौतिकीत संशोधक म्हणून घडताना

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असते, तर बाहेरच्या प्रभामंडळाचे (कोरोनाचे) दहा लाख केल्विनहून अधिक. उष्णतेच्या उगमापासून दूर जाताना तापमान वाढते कसे, हा प्रश्न १९४० च्या दशकापासून संशोधकांसमोर आहे. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने आधी अशा एखाद्या प्रश्नाशी ओळख करून घ्यावी. कारकिर्दीत उपकरणे आणि संगणकप्रणाली अनेकदा बदलतात, प्रश्न वर्षानुवर्षे सोबत राहतो.

पदवीच्या काळात विद्युतचुंबकत्व, द्रवगतिकी आणि सांख्यिकीय भौतिकी पक्की करावी. सौर प्लाझ्माची, म्हणजे सूर्यावरील विद्युतभारित कणांच्या तप्त वायूची, समीकरणे द्रवगतिकी आणि मॅक्सवेलची समीकरणे एकत्र आणून मिळतात. हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये त्यांतूनच चुंबकीय लहरींचे भाकीत केले. ही समीकरणे स्वतः कागदावर सोडवावीत. प्रभामंडळाचा विद्युतरोध इतका कमी असतो की स्वीट–पार्कर या साध्या प्रतिमानानुसार चुंबकीय बलरेषांच्या तुटण्या-जुळण्याला कित्येक महिने लागायला हवेत. प्रत्यक्षात याच तुटण्या-जुळण्यातून उठणारी सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा तेजस्वी स्फोट, काही मिनिटांत भडकते. हा आकडा ज्याने स्वतः काढला आहे, त्याला या विषयावरील पुढचे शोधनिबंध कशासाठी लिहिले गेले हे वेगळे सांगावे लागत नाही.

निरीक्षणांच्या विदेची, म्हणजे डेटाची, ओळखही लवकर व्हावी. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी ही नासाची अंतराळ वेधशाळा २०१० पासून सूर्याच्या प्रतिमा घेत आहे. तिची विदा सर्वांना खुली आहे आणि पायथॉनमधील सनपाय या मोफत प्रणालीने ती हाताळता येते. एक सौरज्वाला निवडून वेगवेगळ्या तरंगलांबींत तिची तेजस्विता काळानुसार कशी बदलते, याचे आलेख काढावेत. मात्र १३१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या पट्ट्यात सुमारे एक कोटी केल्विनचा प्लाझ्मा दिसतो, तसाच सुमारे चार लाख केल्विनचाही; त्यामुळे चमकणारे सारे अतितप्तच आहे असे गृहीत धरणारा निष्कर्ष चुकू शकतो. अशी चूक घरच्या सरावात झालेली बरी, प्रबंधात नव्हे.

पीएच.डी.साठी सिद्धांत, संगणकीय प्रतिरूपण किंवा निरीक्षण यांपैकी एका वाटेवर पाय रोवावा, पण दुसऱ्या वाटेवरचे शोधनिबंध नेमाने वाचावेत. मार्गदर्शक ठरवण्यापूर्वी त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोलावे आणि शोधनिबंधांत विद्यार्थ्यांना प्रथम लेखकाचे स्थान मिळते का, हे पाहावे. माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा या माहितीचे मोल अधिक आहे.

त्यानंतर साधारणपणे दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधन, नियुक्त्या येतात, बहुधा एकाहून अधिक. पहिल्या नियुक्तीत प्रबंधाचाच विषय पुढे ओढण्याचा मोह आवरून एक नवे तंत्र शिकावे. २०१८ मध्ये निघालेले पार्कर यान सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्यापासून वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहात, शिरून कण आणि विद्युत-चुंबकीय क्षेत्रे मोजते, तर २०२० चे सोलर ऑर्बिटर मोजमापांसोबत सूर्याच्या प्रतिमाही घेते. या दोन प्रकारच्या विदा जोडू शकणारा संशोधक अनेक गटांना हवा असतो.

कायम पदासाठी अर्ज करताना संशोधनाचा आराखडा प्रश्नापासून सुरू करावा आणि त्यात उपलब्ध विदेवर एकट्याने पूर्ण करता येईल असे किमान एक काम ठेवावे, कारण नव्या पदावर विद्यार्थी आणि अनुदान मिळण्यास वेळ लागतो.