सानुकी उदोन खायला निघण्यापूर्वी

पहिली तयारी घड्याळाची. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, आणि जपानच्या शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांताचं जुनं नाव सानुकी. तिथली स्वस्त उदोनची दुकानं रात्रीच्या जेवणासाठी नसतात. बरीचशी सकाळी उघडतात, काही तर पहाटे सहाच्या सुमारास, आणि दुपारी दोन-तीनपर्यंत आवरतात. पाटीवर तीनची वेळ असली तरी त्या दिवशी मळलेली कणीक संपली की दुकान बंद. तिथल्या साकाइदे शहरातलं हिनोदे सेइमेन्जो हा मुळात उदोन बनवून पुरवणारा कारखाना. तिथे बसून खायला दुपारी साडेअकरा ते साडेबारा एवढा एकच तास मिळतो. म्हणून ज्या दुकानात जायचं त्याचा सुट्टीचा वार आणि उघडण्याची वेळ आदल्या रात्री पुन्हा एकदा पाहून ठेवा. सुट्टीचा वार प्रत्येकाचा वेगळा असतो, रविवारही त्यातून सुटत नाही.

बारा ते एक ही ऑफिसवाल्यांची वेळ. साडेदहा ते साडेअकरा सर्वांत बरं, कारण तोवर पातेलं जोरात चालू झालेलं असतं आणि रांग वाढलेली नसते. पातेलं चालू असणं महत्त्वाचं आहे. उकडून थंड पाण्यात धुतलेलं उदोन अर्ध्या तासात ढिलं पडायला लागतं. दातांना जाणवणारा तो ताण, जपानीत ‘कोशी’, तो गेला की उरतं ते नुसतं जाड पीठ. त्यामुळे दोन वाजताच्या रिकाम्या दुकानापेक्षा अकरा वाजताची दहा माणसांची रांग चांगली. रांग भराभर सरकते. शनिवार-रविवार, मे महिन्यातल्या सुट्ट्या आणि ऑगस्टमधला पितरांचा सण ओबोन मात्र टाळाच.

दुसरी तयारी पैशांची. साध्या, रश्शातल्या काके उदोनचा लहान वाडगा साधारण 300 ते 400 येनला पडतो आणि वर एखादा तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली भाजी किंवा मासळी, घेतला तर शे-दोनशे येन जास्त. कार्ड न घेणारी दुकानं बरीच आहेत, म्हणून 1000 येनच्या दोन-तीन नोटा आणि 100, 50, 10 ची नाणी वेगळ्या खिशात ठेवा. जिथे पदार्थाचं तिकीट यंत्रातून काढायचं असतं तिथे 5000 आणि 10000 च्या नोटा बहुधा चालत नाहीत. 2021 मध्ये आलेलं 500 येनचं नवं नाणं आणि जुलै 2024 मध्ये आलेल्या नव्या नोटा जुनी यंत्रं परत ओकतात. जुनी 1000 ची नोट हाती आली तर ती याच कामासाठी राखून ठेवा. टीप ठेवायची नाही; ठेवलीत तर ती परत द्यायला कुणीतरी मागे धावत येईल.

तिसरी तयारी तोंडाने मागायची. काउंटरवर पोहोचून फळा वाचत उभं राहिलात की मागची सगळी रांग अडते, म्हणून रांगेतच तीन गोष्टी ठरवून ठेवा: प्रकार, आकार, गरम की गार. आकार मोजतात ‘तामा’त, म्हणजे उकडलेल्या उदोनच्या गोळ्यांत. एक तामा साधारण 200 ते 250 ग्रॅम. लहान म्हणजे ‘शो’ त्यात एक, मोठा म्हणजे ‘दाइ’ त्यात बहुतेक ठिकाणी दोन. काके म्हणजे रश्शातलं उदोन. बुक्काके म्हणजे थोडा, पण दाट आणि खारट रस वरून ओतलेलं. किजोयू म्हणजे नुसता सोया सॉस शिंपडलेलं. कामाआगे पातेल्यातून थेट, न धुता, गरम पाण्यासकट येतं आणि बुडवायला रस्सा वेगळा देतात. कामातामात तेच न धुतलेलं उदोन कच्च्या अंड्यात कालवतात. ही शेवटची दोन थेट पातेल्यातूनच द्यावी लागतात, आणि उदोन उकडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तुमची वेळ पातेल्याच्या वेळेशी जुळली नाही तर थांबावं लागेल. बस पकडायची असेल तर ती मागवू नका. काही दुकानांत ‘हिया-अत्सु’ ऐकू येईल: पहिला शब्द उदोनसाठी, दुसरा रश्शासाठी. म्हणजे गार उदोनवर गरम रस्सा. कोशी काय चीज आहे ते कळायला हवं असेल तर पहिला वाडगा गार मागवावा, कारण गार पाण्याने उदोन आवळलं जातं आणि गरम रश्शात तेच सैल पडतं. मागायचं वाक्य एवढंच: ‘बुक्काके नो शो, त्सुमेताइ नो, ओनेगाइशिमास.’ गरम हवं असेल तर ‘त्सुमेताइ’च्या जागी ‘अत्ताकाइ’.

शाकाहारी असाल तर हा परिच्छेद नीट वाचा. उदोनमध्ये गहू, मीठ आणि पाणी यांखेरीज काही नसतं, पण त्याच्या भोवतीचं जवळजवळ सगळं मासळीचं असतं. सानुकीचा रस्सा ‘इरिको’चा. ही आपल्या सुक्या मांदेलीच्या कुळातली छोटी मासळी, तिथली नावाजलेली इबुकी बेटावरून येते. जोडीला कोंबू हे समुद्री शेवाळ आणि बहुधा कात्सुओ मासा. बुक्काकेच्या रसात तेच, कामाआगेच्या बुडवायच्या वाटीतही तेच, आणि कित्सुने उदोनवर येणारी तळलेल्या तोफूची गोड घडीही त्याच रश्शात मुरवलेली. तेंपुराची तऱ्हा तशीच: भोपळा, रताळं, वांगं दिसायला शाकाहारी, पण कढई कोळंबी आणि चिकनशी सामाईक, आणि पिठात अंडं असू शकतं. चिकुवा भाजीसारखी दिसली तरी ती माशाच्या लगद्याची नळी असते. फुकट मिळणारा तळणीचा चुरा म्हणजे तेनकासू, तोही त्याच कढईतला. उरतं ते किजोयू. पण टेबलावरच्या बाटलीत पुष्कळदा नुसता सोया सॉस नसून मासळीचा अर्क घातलेला ‘दाशी-जोयू’ असतो. बाटली दाखवून विचारा: ‘साकाना हाइत्ते इमास का?’, म्हणजे यात मासा आहे का? शंका उरली तर आपली छोटी बाटली खिशात असू द्या. वर किसलेलं आलं, कांद्याची पात, तीळ आणि लिंबू घातलं की काम भागतं, आणि खरं सांगायचं तर उदोनची परीक्षाही अशा साध्या वाडग्यातच होते. पात नको असेल तर ‘नेगी नुकी’. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी तिथे काहीच नाही. सोया सॉसमध्येही गहू असतो.

आता दुकानाच्या आतली कृती. दर कमी असतो तो अर्धं काम गिऱ्हाईक स्वतः करतं म्हणून. दुकानाच्या या पद्धतीला ‘सेरुफू’ म्हणतात. आधी जागा धरायला रुमाल टाकू नका. आधी रांग, मग जागा. ट्रे घ्या, मागणी सांगा, वाडगा हातात येईल. काही जुन्या दुकानांत वाडग्यात नुसतं गार उदोन देतात आणि गरम करायचं काम तुमचं. बाजूच्या उकळत्या पाण्यात लांब दांड्याची खोल गाळणी असते, तिला ‘तेबो’ म्हणतात. उदोन तीत घालायचं, दहा ते वीस सेकंद बुडवून हलवायचं, उचलायचं आणि पाणी झटकायचं. हे झटकणं नवखे लोक हमखास विसरतात. पाणी तसंच वाडग्यात गेलं की रस्सा पातळ होतो आणि मग दोष दुकानाला दिला जातो. उलट, मिनिटभर बुडवून ठेवलंत तर कोशी गेली. रस्सा टाकीच्या तोटीतून घ्यायचा. तोटी हळू उघडा, नाहीतर हातावर उडतो. पांढरा शर्ट त्या दिवशी घरीच बरा.

तेंपुरा चिमट्याने उचलून वेगळ्या बशीत ठेवा. वाडग्यावर ठेवला तर टेबलापर्यंत पोहोचेतो त्याचं कुरकुरीत कवच लोळागोळा होतं. हाताशी असलेला तुकडा घेण्याआधी कढईकडे बघा. नवा घाणा निघत असेल तर तीस सेकंद थांबणं परवडतं. पैसे बहुतेक ठिकाणी इथेच, खाण्याआधी, पण काही ठिकाणी खाऊन झाल्यावर आणि तेही काय खाल्लं ते आपण होऊन सांगून. पुढच्या माणसाकडे पाहा, तो करेल तसं करा. मसाला, आलं, पात पैसे दिल्यानंतरच्या टेबलावर असतात. पाणी किंवा चहा स्वतः घ्यायचा. रश्शात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असलेल्यांनी तो संपवायचा हट्ट धरू नये. उरला तरी कुणी वाईट मानत नाही.

एका दिवसात दोन-तीन दुकानं फिरायची असतील तर प्रत्येक ठिकाणी ‘शो’च घ्या आणि पहिल्या दुकानात तेंपुरा टाळा. तीन लहान वाडगे म्हणजेच साडेसहाशे-सातशे ग्रॅम झाले. दोघे असाल तर वेगवेगळे प्रकार मागवा. एकच वाडगा घेऊन दोघांनी जागा अडवणं तिथे बरं दिसत नाही. मोठा गट असेल तर तीन-चार जणांच्या तुकड्या करा.

होन्शू बेटावरच्या ओकायामाहून कागावाचं मुख्य शहर ताकामात्सुला ‘मरीन लाइनर’ गाडी 1988 मध्ये खुल्या झालेल्या सेतो पुलावरून तासाभरात नेते. शहरातली दुकानं पायी होतात, पण नावाजलेली बरीच आयागावा, साकाइदे, झेंत्सुजीकडे शेतांच्या मधोमध आहेत. जवळच्या रेल्वे स्थानकापासून किती चालायचं ते आधी नकाशात मोजा. बस विरळ असतात. कोतोहिराहून ‘उदोन टॅक्सी’ मिळते, तिच्या चालकांना उदोनची परीक्षा द्यावी लागते. जड बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये, कारण दुकानात ट्रे आणि माणूस यांपलीकडे जागा नसते.

तोक्यो-ओसाकात राहणाऱ्यांना सरावासाठी शिकोकू गाठायची गरज नाही. मारुगामे सेइमेनची दुकानं सगळीकडे आहेत आणि रांगेची पद्धत तीच. नावात कागावातलं मारुगामे शहर असलं तरी ही साखळी 2000 साली ह्योगो प्रांतातल्या काकोगावात सुरू झाली, हे सानुकीकरांपुढे विसरू नका.

खाऊन झालं की ट्रे ‘हेनक्याकुगुची’ म्हणजे परत करायच्या खिडकीपाशी न्या. उरलेला रस्सा जाळीच्या भांड्यात, वाडगा वाडग्यांत, काड्या वेगळ्या. फडकं ठेवलं असेल तर टेबल पुसा. दहा-पंधरा मिनिटांत जागा मोकळी करायची, आणि जाताना पातेल्याकडे बघून ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं.