डिक्शनरी ऑफलाइन करायला घेताय? आधी 'आंडोर' शोधून बघा

इलेक्ट्रॉन (जावास्क्रिप्टमध्ये डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट), एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) आणि कामापुरती जावास्क्रिप्ट येते असं धरून लिहितोय, इन्स्टॉल कसं करायचं ते यूट्यूबवर ढीगभर पडलंय. मी धुळ्यात बसून अहिराणी-मराठी शब्दकोशाचं डेस्कटॉप ॲप करतो. आधी सगळा शोध सर्व्हरवर चालायचा, आणि वापरणारे कोण तर साक्री, शिंदखेडा, अमळनेरकडचे मास्तर आणि कॉलेजची पोरं, जिथे लाइट गेली की वायफाय गेलं आणि हॉटस्पॉट लावायचा तर रेंजसाठी गच्चीवर जा. म्हणून ऑफलाइन.

एक गोष्ट आधीच सांगतो, कॅशला ऑफलाइन म्हणू नका. बघितलेले शब्द साठवून ठेवले की झालं असं बरेच जण सांगतात, पण माणूस डिक्शनरी उघडतो तो माहीत नसलेल्या शब्दासाठी, आणि नेमका तोच कॅशमध्ये नसतो. अख्खा कोश मशीनवर पाहिजे, एका एसक्यूलाइट फाइलीत. नुसता मजकूर असेल, ऑडिओ नसेल, तर फाइल फार फुगत नाही, घाबरू नका. आणि "नेट आहे का" हे विचारून मग कुठे शोधायचं ते ठरवू नका. ब्राउझर 'ऑनलाइन' म्हणतो त्याचा अर्थ मशीन कुठल्यातरी नेटवर्कला जोडलेलं आहे इतकाच, पलीकडे इंटरनेट आहेच असं नाही, मग रिक्वेस्ट लटकते आणि गोल फिरत बसतो. आधी लोकल फाइल, नेट फक्त अपडेटला.

आता ज्याने मला रडवलं ते.

अर्थांमध्ये शोधायला म्हणून एफटीएस५, म्हणजे एसक्यूलाइटमधली मजकूर शोधायची सोय, लावलं, डिफॉल्ट सेटिंगवर. इंग्रजीत टेस्ट झकास. मग अमळनेरच्या एका रिटायर्ड सरांना फाइल दिली, दुसऱ्या दिवशी फोन, "भाऊ, आंडोर टाकं तं आंडेर काबर यी राहिनी?" म्हणजे मुलगा शोधला तर मुलगी हजर. मला वाटलं डेटाच चुकला असेल, एक्सेल शीट चाळत बसलो, डेटा बरोबर होता.

भानगड अशी आहे, नीट वाचा. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा, युनिकोड६१. शब्दात कोणतं चिन्ह धरायचं हे तो युनिकोडच्या कॅटेगरीवरून ठरवतो, आणि डिफॉल्टमध्ये अक्षरं येतात, आकडे येतात, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार-हलन्त यातलं काही येत नाही. युनिकोडच्या लेखी ती अक्षरं नाहीत, 'मार्क' आहेत. म्हणजे आपली मात्रा त्याला स्पेससारखी दिसते, तिथे तो शब्द तोडतो. आंडोर मधला अनुस्वार गेला, ओकार गेला, उरलं आ, ड, र. आंडेर चंही आ, ड, र. त्याच्यासाठी दोन्ही सारखेच! पाणी आणि पुणे दोन्हीचे प, ण. सगळ्यात वाईट म्हणजे एरर येत नाही. रिझल्ट येतात, बरोबर शब्द पण त्यातच कुठेतरी असतो, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला सगळं चालतंय असं वाटतं.

उपाय एका ओळीचा आहे. टेबल बनवताना टोकनायझरला कॅटेगरीज नावाचा ऑप्शन देता येतो, त्यात आधीच्या एल* (अक्षरं), एन* (आकडे), सीओ (खाजगी वापराची चिन्हं) सोबत एम* (मार्क) सुद्धा घाला, म्हणजे सगळे मार्क शब्दात धरले जातात. टेबल पुन्हा बनवावं लागतं, जुना इंडेक्स आपोआप सुधारत नाही.

इतक्यानेही पोऱ्या सापडेलच असं नाही बरं का. तो ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, कोणी ऱ ला हलन्त देऊन य, तर कोणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, मध्ये झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. स्क्रीनवर डिट्टो सारखे, आत वेगळे, आणि एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या तऱ्हा एक करायची युनिकोडची पद्धत) हे दोन एक करत नाही. ॲ चं तेच, एक अख्खा ॲ आणि एक अ वर चंद्र. म्हणून शोधासाठी वेगळा कॉलम ठेवा, त्यात आपल्या नियमाने एकसारखा केलेला शब्द, दाखवायला मूळ शब्द. आणि युजर जे टाइप करतो त्यालाही तेच फंक्शन लावा, एकीकडेच लावलं तर काही उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर कोशातला मुख्य शब्द शोधायला एफटीएस लागतच नाही. त्या कॉलमवर साधा इंडेक्स, आणि 'यापासून सुरू होणारे' साठी मोठा-लहान तुलना (>= आणि <). एसक्यूएलचा लाइक वापराल तर डिफॉल्टमध्ये तो साधा इंडेक्स वापरत नाही, हे लक्षात असू द्या. एफटीएस फक्त अर्थांसाठी.

मला एका सिनियरने कॉलवर सांगितलं होतं, इलॅस्टिकसर्च (सर्व्हरवर चालवायचं जड सर्च इंजिन) टाक, विषय संपव. शिंदखेड्याच्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर! तुमचा डेटा न बघता पॅकेजचं नाव सांगणारा मेंटॉर म्हणजे टाइमपास. मला खरा मेंटॉर ते सर ठरले, त्यांना कोडिंगचा क येत नाही, पण रोज नवा शब्द टाकून बघतात. एआयला विचारा, बिनधास्त विचारा, पण उत्तर अहिराणीच्या पन्नासेक शब्दांवर चालवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पॅकेजिंगला तुमच्या मशीनवर चालणारं ॲप इन्स्टॉल केल्यावर "डेटाबेस फाइल उघडत नाही" म्हणेल. एसक्यूलाइटला असार फाइलच्या (इलेक्ट्रॉन ॲपचं सगळं ज्यात बांधतो त्या गाठोड्याच्या) आतलं काही उघडता येत नाही, डेटाबेस एक्स्ट्रा रिसोर्सेसमध्ये बाहेर ठेवा. हे सगळ्यांना होतं, अर्ध्या तासाचं काम आहे, टेन्शन नको.

अपडेटचं मात्र टेन्शन घ्या. नवी फाइल वेगळ्या नावाने उतरवा, चेकसम (फाइल नीट उतरली का ते तपासायचा आकडा) जुळला तरच जुनीच्या जागी ठेवा, आणि त्याआधी डेटाबेसचं कनेक्शन बंद करा, नाहीतर विंडोज उघडी फाइल बदलू देत नाही. युजरचे आवडते शब्द आणि टिपणं कोशाच्या फाइलीत ठेवू नका, नाहीतर पहिल्याच अपडेटला साफ. वेगळी फाइल, युजर डेटाच्या फोल्डरमध्ये. आणि त्यात रोआयडी (एसक्यूलाइट प्रत्येक ओळीला आपोआप देतो तो नंबर) लिहू नका, कोश पुन्हा बनवला की ते नंबर सरकतात आणि मास्तरांच्या टिपणाखाली भलताच शब्द येतो. प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा आयडी द्या, आणि तो अगदी एक्सेल शीटमध्येच द्या.